बांधकामाचा पैसा जिल्ह्यात कसा ठेवावा: खान्देशासाठी हरित बांधकामाची मार्गदर्शिका

खान्देशात घर बांधायला काढले की पहिल्या महिन्यापासून पैसा गावाबाहेर जायला लागतो. सिमेंट, लोखंड, मोरबीच्या टाइल्स, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, तयार दरवाजे हे सगळे बाहेरून येते आणि गावात उरते ती गवंड्याची व बिगाऱ्याची मजुरी, सेंट्रिंगचे भाडे आणि वाळू-खडीच्या वाहतुकीचे पैसे. वास्तुशांत झाल्यावरही ही गळती थांबत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पश्चिमेची भिंत आणि उघडा स्लॅब दिवसभर उष्णता पितात, रात्री ती घरात सोडतात, आणि मग एसी घेऊन त्याचे बिल वर्षानुवर्षे भरत राहावे लागते. हरित बांधकामाचा विचार करताना या दोन्ही गळत्या एकदम हातात धरल्या, तरच त्यातून गावातल्या माणसाला काम मिळते. महामार्गालगत पश्चिमेकडे तोंड करून काचेचा दर्शनी भाग उभा करायचा आणि गच्चीवर चार सौर पॅनेल लावून इमारतीला हरित म्हणायचे, हा प्रकार अलीकडे वाढला आहे. त्यात ना वीज वाचते, ना गावाला काही मिळते.

ही मार्गदर्शिका स्वतःचे घर किंवा दुकान बांधणाऱ्यांसाठी, लहान बांधकाम व्यावसायिकांसाठी आणि नगरपरिषदेत बसून शाळा, बाजार, रस्ता यांचे निर्णय घेणाऱ्यांसाठी आहे.

अंदाजपत्रकाला दोन रकाने जोडा

अभियंत्याकडून येणाऱ्या अंदाजपत्रकात बाब, परिमाण, दर आणि रक्कम असे रकाने असतात. त्यांच्या उजवीकडे आणखी दोन रकाने आखावेत: जिल्ह्यात राहणारी रक्कम आणि जिल्ह्याबाहेर जाणारी रक्कम. प्रत्येक बाबीचे साहित्य, मजुरी व वाहतूक असे तीन भाग पाडले की हे रकाने भरता येतात. वीटकामात वीट, वाळू व मजुरी जवळची असते आणि सिमेंट बाहेरचे. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत मात्र बसवणाऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीपलीकडे जवळचे काही नसते, तर तेवढ्याच मापाची लाकडी चौकट गावातल्या सुताराने केली की निम्म्याहून अधिक भाग मजुरीचा निघतो. हा तक्ता एका संध्याकाळी होतो. तो झाल्यावर कोणत्या दोन-तीन बाबींना हात लावण्यासारखा आहे हे आपोआप दिसते आणि सगळ्याच बाबींवर वाद घालण्याची गरज उरत नाही.

मात्र स्थानिक रकाना फुगवण्यासाठी पायातले किंवा कॉलममधले लोखंड कमी करू नये. तापीचे खोरे भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त नाही आणि काळ्या मातीवरच्या बांधकामाला तर दुप्पट काळजी लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेतला की तीन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर उमटते. म्हणून काळ्या थराखाली मुरूम किंवा मांजऱ्या (मऊ खडक) लागेपर्यंत खोदावे, चांगला मुरूम भरून दाबावा आणि प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई, घ्यावाच. थर फार खोल असेल तर तळाशी फुगीर केलेल्या पाइलचा पर्याय आहे, आणि त्यासाठी संरचना अभियंत्याची फी देणे हीच खरी काटकसर आहे. तिजोरीतला पैसा गावात राहिला पण भिंत तडकली, असे झाले तर पुढच्या वेळी कोणी या मार्गाला येणार नाही.

आधी ऊन, मग नकाशा

सर्वांत स्वस्त हरित उपाय कागदावर होतो आणि त्यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार हा सगळा पट्टा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४५ अंशांवर असतो, मार्च व सप्टेंबरात तो ६९ अंशांवर चढतो आणि जूनच्या मध्यावर तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो. याचा उपयोग असा: दक्षिणेची खिडकी चार फूट उंच असेल आणि तिच्या डोक्यालगत दीड फुटाचा छज्जा घेतला, तर मार्चच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारचे ऊन काचेवर जवळजवळ पडतच नाही, आणि डिसेंबरात मात्र खिडकीचा खालचा अडीच फूट भाग उन्हात राहतो. थंडीत हवे ते ऊन मिळते आणि उन्हाळ्यात नको ते अडते. खान्देशात सर्रास नऊ इंचांचा छज्जा घेतला जातो. तो पावसाच्या धारेला पुरतो, उन्हाला पुरत नाही.

पश्चिमेचे गणित वेगळे आहे. तिथे सूर्य आडवा येतो, म्हणून छज्जा कितीही लांब केला तरी चार वाजताचे ऊन त्याच्या खालून आत शिरते. पश्चिमेला खिडक्या शक्यतो घेऊच नयेत. जिना, मोरी, संडास, कोठीची खोली असे जे क्षणभर वापरायचे आहे ते तिकडे ढकलावे, आणि खिडकी घ्यावीच लागली तर तिच्यापुढे विटांची जाळी किंवा उभी पाती बसवावीत. प्लॉटला पर्याय असेल तर घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम धरावी, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर व दक्षिणेला येतात. वास्तू पाहणारे गृहस्थ मध्ये पडतील आणि दाराची दिशा सांगतील. त्यांच्याशी भांडण काढण्याचे कारण नाही, कारण दार कुठे असावे हे त्यांनी सांगावे आणि खिडक्या कुठे नसाव्यात हे सूर्याने, एवढी वाटणी बहुतेक वेळा निभून जाते.

समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर दुसरा फायदा होतो. एप्रिल-मे मधली आपली हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत पाण्यावरचा कूलर उत्तम चालतो, पण त्याला हवा बाहेर जायला वाट लागते. बंद खोलीत कूलर लावून दमटपणाची तक्रार करणारे घरोघर आहेत. कूलर हे यंत्र अर्थकारणाच्या दृष्टीनेही आपल्या बाजूचे आहे: त्याची पत्र्याची पेटी गावातला फॅब्रिकेटर बनवतो, मोटार गावात गुंडाळली जाते, वाळ्याचे किंवा गवताचे पॅड दरवर्षी गावातच बदलले जातात. एसीची किल्ली बहुतेक वेळा बाहेरच्या सर्व्हिस सेंटरच्या हातात असते.

भिंत

भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि तिथली उडती राख हे खान्देशाच्या दाराशी पडलेले बांधकाम साहित्य आहे. औष्णिक केंद्रांच्या राखेचा बांधकामात वापर व्हावा म्हणून केंद्र सरकारने १९९९ पासून अधिसूचना काढल्या आहेत. या राखेच्या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी शेतातली वरची सुपीक माती खरवडली जात नाही आणि पराट्या, लाकूड, कोळसा जाळावा लागत नाही. त्यांची कडा सरळ येते, म्हणून गिलावा पातळ बसतो. तोटा असा की त्यांना दोन-तीन आठवडे नीट पाणी मारावे लागते आणि घाईच्या हंगामात काही कारखानदार ते मारत नाहीत. म्हणून गाडी उतरवून घेण्यापूर्वी दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहाव्यात, आवाज खणखणीत यावा. एक वीट कोरडी तोलावी, चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा तोलावी. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढले, म्हणजे तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, तर ती गाडी परत करावी. हा तराजू प्रत्येक साइटवर असायला हवा आणि तो वापरायला बिगाऱ्यालाही शिकवावे.

सरळ कडेची वीट हाती असली की रॅट-ट्रॅप बाँड करता येतो. या पद्धतीत वीट पट न मांडता कडेवर उभी लावतात. बाहेरची व आतली अशा दोन पातळ ओळी उभ्या राहतात, त्यांच्यामध्ये सुमारे तीन इंचांची पोकळी सुटते आणि ठरावीक अंतरावर आडवी वीट घालून त्या दोन ओळी बांधल्या जातात. भिंत नऊ इंचांचीच राहते, पण विटा २० ते २५ टक्क्यांनी कमी लागतात, मसालाही वाचतो आणि मधल्या पोकळीमुळे बाहेरची उष्णता आत यायला उशीर लागतो. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत शेकडो इमारतींमध्ये वापरली. खान्देशातला गवंडी ती पहिल्यांदा पाहतो तेव्हा मान हलवतो, कारण पोकळीत मसाला पडू न देता थर लावण्याला हात बसावा लागतो आणि पहिल्या दिवशी काम निम्म्याने होते. उपाय सोपा आहे: पहिली भिंत कंपाउंडची धरावी, त्या दिवसांची मजुरी ठोक न देता रोजाने द्यावी, आणि पोकळीत फळी धरून मसाला लावायला शिकवावे. तीन-चार दिवसांत हात बसतो. विटांवर वाचलेल्या रकमेतला काही भाग गवंड्याच्या वाढीव रोजात जातो, आणि तसाच तो जावा, कारण बाहेर जाणाऱ्या सिमेंटचा पैसा गावातल्या कौशल्यात बदलण्याची ही जागा आहे. पायाचे पहिले थर, खिडकीच्या कडा आणि लिंटेलखालचा (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईखालचा) थर मात्र भरीव ठेवावा, आणि नळ-विजेच्या नळ्या कुठून जाणार ते भिंत चढण्याआधी ठरवावे. नंतर छिन्नी घेऊन पोकळ भिंत फोडणे म्हणजे सगळ्यावर पाणी.

पायासाठी आणि जोत्यासाठी आपला काळा दगड आहेच. डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट खान्देशात जागोजागी सापडतो, तो घडणारे हात अजून आहेत, आणि जोत्याची दर्शनी घडीव दगडी बांधणी केली तर तिला शंभर वर्षे रंग लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्कलकुवा-धडगावकडे, बांबू आणि कुडाच्या भिंतींची परंपरा जिवंत आहे. बांबू कच्चा वापरला तर किडा लागतो, म्हणून तो बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवून घ्यावा, आणि त्याचा पाय जमिनीपासून फूटभर उंच ठेवून वर रुंद छपराची टोपी द्यावी. सार्वजनिक इमारतीत, म्हणजे बाजाराची ओटेवजा शेड, शाळेचा व्हरांडा, बसथांबा अशा ठिकाणी हे काम शोभून दिसते. याला खान्देशातच मोठा दाखला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले होते आणि अट होती ती जवळ मिळणाऱ्या साहित्याची व गावच्या कारागिरांची. बांबू, चटया, माती यांतून ते नगर उभे राहिले. आज एखाद्या नगरपरिषदेने बाजारशेडसाठी अशीच अट घातली तर निविदा समितीला ती विचित्र वाटेल, तेव्हा अट कशी लिहावी ते पुढे सांगितले आहे.

डोक्यावरचे छप्पर

खान्देशातल्या घराला मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा वरून येतो. एकमजली घरात तर भिंतींपेक्षा छप्परच जास्त तापवते. जुन्या धाब्याच्या घरात तुळयांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि वर खारी माती असे. धाबे उन्हाळ्यात थंड राहत असे, पण दर पावसाळ्यापूर्वी त्यावर पुन्हा खारी टाकावी लागे. त्या वार्षिक कामावर गावातली काही कुटुंबे पोट भरत. सिमेंटच्या स्लॅबने ते काम संपवले आणि थंडावाही घालवला.

स्लॅब टाळता येत नसेल तर त्याला पांढरा करावा. कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल आणि मूठभर मीठ घालून दोन-तीन हात मार्चमध्ये द्यावेत. साहित्य स्वस्त, मजुरी गावची, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच काम. पैसे जास्त असतील तर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे चायना मोझॅक करावे, ते दहा-पंधरा वर्षे टिकते आणि टाइल्सच्या दुकानात तुकडे जवळजवळ फुकट मिळतात. नवीन स्लॅब टाकताना फिलर स्लॅब ही आणखी एक पद्धत आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूचे काँक्रीट ताण घेण्यात फारसे कामाला येत नाही, म्हणून सळयांच्या जाळीत मधल्या चौकोनांमध्ये मंगलोरी कौले किंवा मातीची भांडी उलटी ठेवून तेवढे काँक्रीट वाचवतात, आणि छताला आतून नक्षीही मिळते. याचे डिझाइन अभियंत्याकडूनच करून घ्यावे.

सौर पॅनेल लावण्याची जागाही छप्परच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठेवले गेले. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. आपल्याकडे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पॅनेल २५ अंशांच्या वर जितके तापते, तितके त्याचे उत्पादन दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, म्हणून ते स्लॅबला चिकटवून न लावता खालून वारा जाईल असे फूट-दीड फूट उचलून लावावे. त्याने स्लॅबवर सावलीही पडते. आणि उन्हाळ्यातली धूळ आठवड्याला पुसावी लागते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प आहे आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, तरीही गावातल्या घराचा इन्व्हर्टर बंद पडला की माणूस बाहेरून येण्याची वाट पाहावी लागते. म्हणून पॅनेल बसवण्याचा करार करताना पाच वर्षांची देखभाल लेखी घ्यावी आणि ती करणारा तंत्रज्ञ त्याच तालुक्यातला, आयटीआय झालेला किंवा सूर्यमित्र हे सौर तंत्रज्ञांसाठीचे सरकारी प्रशिक्षण घेतलेला असावा अशी ओळ त्यात घालावी.

पाणी

हजार चौरस फुटांच्या छपरावर जळगावचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६५,००० लिटर पाणी पडते आणि गळती-बाष्प वजा जाता ५०,००० लिटर हाती लागू शकते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरांत एवढे पाणी गटारात सोडणे परवडण्यासारखे नाही. पण ते कुठे घालायचे याचे उत्तर नदीच्या दोन काठांना वेगवेगळे आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात तापीचा गाळ खोल आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा थर पाणी भराभर पितो, त्यामुळे तिथे गाळणी लावून शोषखड्डा किंवा पुनर्भरण कूपनलिका चालते. धुळे, साक्री, पारोळ्याकडच्या कातळात पाणी फक्त भेगांतून शिरते. तिथे आधी विहीर किंवा वाहती कूपनलिका कोणत्या थरावर आहे ते पाहूनच पाणी सोडावे, नाहीतर खड्डा नुसता भरून राहतो आणि डास वाढतात. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद व खोल करून पाणी मुरवण्याचे जे काम केले, त्याची मूळ शिकवणही हीच की वरचा न पाझरणारा थर ओलांडून पाणी खालच्या पाझरणाऱ्या थरापर्यंत न्यावे लागते.

देखभालीसाठी नवी संस्था शोधण्याची गरज नाही. पांझरा नदीच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वापरण्याच्या जुन्या व्यवस्थेत, पाटाचे पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या अशी नेमलेली माणसे होती आणि त्यांचे मानधन लाभधारक शेतकरीच देत. कॉलनीतल्या पुनर्भरणाची गाळणी, रस्त्याची झाडे, सोसायटीचे पॅनेल यांच्यासाठी असाच एक पाटकरी नेमावा आणि घरामागे ठरावीक वर्गणी काढून त्याचा पगार द्यावा. ज्याचे नाव ठरलेले आहे ते काम होते.

रस्ता, बाजार आणि नगरपरिषद

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ आखली. दुरून कारागीर आणले, घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, पक्की घरे बांधायला उचल दिली. त्यामागे परोपकार नव्हता, त्याला सारा आणि व्यापार हवा होता. तरी रुंद, सरळ रस्ते आखले की दुकाने आपोआप येतात ही त्याची समजूत खरी ठरली. आज त्याच रुंद रस्त्यांवर एप्रिलमध्ये दुपारी बारा ते पाच ग्राहक फिरकत नाही. जुन्या पेठेत माणूस चालायचा ते ओटे, पडव्या आणि झाडांच्या आधाराने. रुंदीकरणात ती सावली गेली आणि तिच्याबरोबर दुपारचा धंदा गेला.

म्हणून बाजारपेठेत सुधारणा करायची तर फरशी आणि दिव्यांच्या आधी सावलीवर खर्च करावा. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर दुपारनंतरचे ऊन पूर्वेकडच्या दुकानांच्या तोंडावर येते, तेव्हा पश्चिमेच्या कडेला दाट सावलीची झाडे लावली की रस्ताही झाकला जातो. कडुनिंब, करंज, शिरीष ही झाडे आपल्या उन्हात तगतात. वारा सुटला की फांदी मोडणारा गुलमोहर हातगाड्यांच्या जागी नको. खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल घ्यावा, कारण डांबराच्या कडेला दीड फुटाच्या खड्ड्यात लावलेले रोप तिसऱ्या उन्हाळ्यात जळते. झाड वाढेपर्यंतची आठ-दहा वर्षे बांबू किंवा शेडनेटचे छत चालते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समिती असतेच. तिच्या बैठकीत ओट्यांच्या जागा आणि झाडांच्या जागा एकाच नकाशावर आखून घ्याव्यात. ज्याच्या गाडीवर सावली आहे तो त्या झाडाला पाणी घालतो.

नियमांमध्ये जे उपलब्ध आहे ते वापरावे. राज्याच्या डिसेंबर २०२० मधील एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ‘गृह’ (GRIHA) किंवा आयजीबीसी (IGBC) यांसारखे हरित इमारतीचे मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना पायरीनुसार ३, ५ व ७ टक्के जादा चटईक्षेत्र आहे, आणि ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. मानांकनाची फी आणि कागदपत्रे लहान घराला परवडत नाहीत, हे खरे. लहान घरासाठी नगरपरिषदेनेच आपला साधा तक्ता करावा: पांढरे छप्पर, पश्चिमेला सावली, पुनर्भरण, सौर आणि स्थानिक साहित्य अशा पाच बाबी, आणि त्यांतल्या तीन पूर्ण करणाऱ्याला मालमत्ता करात थोडी सूट. पुणे महापालिका सौर, गांडूळखत व पर्जन्यजल यांसाठी ५ ते १० टक्के सूट देत आली आहे, तेव्हा पायंडा पडलेला आहे. दरवर्षी पाहणी करून मगच सूट द्यावी, नाहीतर फोटोपुरते नळीचे तुकडे दिसतात.

निविदा कशी लिहावी

स्थानिक ठेकेदारालाच काम द्या असे निविदेत लिहिता येत नाही आणि लिहूही नये. तसे केले तर काम दर्जाने नव्हे, ओळखीने जाते. लिहायचे ते साहित्य आणि पद्धत. ‘नऊ इंची राखविटांची भिंत, रॅट-ट्रॅप बाँडमध्ये’, ‘बोरॅक्स-बोरिकमध्ये मुरवलेल्या बांबूचे छत’, ‘घडीव बेसाल्टचे जोते’ अशा बाबी स्पष्ट दिल्या की त्या करू शकणारे हात आपोआप जवळचेच निघतात. जी बाब सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत नाही तिचे दर पृथक्करण, म्हणजे साहित्य व मजुरी मोजून दर कसा निघाला याचा हिशेब, जोडावे लागते. कनिष्ठ अभियंता इथेच कंटाळतो आणि दरसूचीतली नेहमीची बाब घालून मोकळा होतो. म्हणून पृथक्करणासाठी एक नमुना भिंत आधी बांधून तिची मजुरी, विटा व मसाला मोजून ठेवावा. वाहतुकीचा लीड, म्हणजे साहित्य आणण्याचे अंतर, तक्त्यात खरा दाखवावा: राखवीट दीपनगरकडून येणार असेल तर भुसावळला ती स्वस्त पडेल आणि नवापूरला नाही, तिथे बांबू आणि दगडाकडे वळावे. मजूर सहकारी संस्था व सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी कामांचा वाटा ठेवण्याची पद्धत राज्यात आहेच. नमुना भिंतीवर शिकलेले गवंडी या संस्थांकडे असतील तर त्यांचा हात मोकळा होतो.

दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, किमान तीन वर्षांचा ठेवावा आणि त्यात तीन उन्हाळे यायला हवेत. पहिल्या दोन मे महिन्यांत दुपारी तीन वाजता त्या इमारतीच्या आतले व बाहेरचे तापमान साध्या थर्मामीटरने रोज लिहावे, विजेची बिले त्याच फाइलला लावावीत, आणि कामावर आलेल्या प्रत्येक गवंड्याचे, बिगाऱ्याचे, सुताराचे हजेरीपत्रक गावासकट जपून ठेवावे. पुढच्या अंदाजपत्रकाला ते दोन रकाने भरताना अंदाज बांधावा लागणार नाही, आणि सभागृहात कोणी महाग पडते म्हणून हरकत घेतली तर फाइल समोर ठेवता येईल.